तुकडे नकोत, अख्खं नाटक करा

प्रति,
मुंबईतल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांचे आणि नाट्य विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

दोन विभागांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण मागणीच अशी आहे की एकट्या कुणाला ती पुरी करता येणार नाही. वर्षातून एकदा एक विनोदी संगीत नाटक करा. अख्खं करा. नांदीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, विद्यार्थ्यांनी गाऊन, विद्यार्थ्यांनीच वाजवून, आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर. सुरुवात गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'ने करा. तेच का, ते पुढे सांगतो.

लिहिणारा कोण हे आधी सांगायला हवं. मी ऑर्गनवाला, म्हणजे पायपेटी वाजवणारा. पोटापाण्याला बँक होती, पण संध्याकाळ साहित्य संघात नाहीतर शिवाजी मंदिरात, विंगेतल्या कोपऱ्यात, पायाने भाता मारण्यात गेली. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेतली संगीत नाटकं, गणेशोत्सवातले प्रयोग. बोलावलं तिथे वाजवलं. त्यामुळे पुढचं सगळं विंगेतून दिसलेलं आहे, ते तसंच वाचावं.

निमित्त भाचीचं. ती परदेशात एका विद्यापीठात पाश्चात्त्य गायन शिकते. तिथल्या संगीत शाळेत ऑपेराचं स्वतंत्र शिक्षण आहे आणि वर्षातलं मोठं काम म्हणजे विद्यार्थ्यांनी उभा केलेला ऑपेरा. तोही दरवेळी रडका नसतो. मुलांच्या गळ्याला आणि वयाला शोभेलसा हलकाफुलका ऑपेरेटा बरेचदा निवडतात. यंदा त्यांनी योहान स्ट्राउसचा 'डी फ्लेडरमाउस' केला. व्हिएन्नात तो पहिल्यांदा झाला १८७४ साली, म्हणजे आपल्या किर्लोस्करांच्या संगीत 'शाकुंतल'च्या सहा वर्षं आधी. भाची कोरसमध्ये होती, दुसऱ्या अंकातल्या मेजवानीत पेला उंचावणाऱ्या गर्दीतली एक. मोठ्या भूमिकांना दोन-दोन विद्यार्थी तयार केलेले, कारण विशीतल्या गळ्याला लागोपाठ दोन रात्री तसलं गाणं झेपत नाही हे शिक्षकांना ठाऊक. वाद्यवृंद विद्यापीठाचाच. भाचीला कोरसच्या तालमीनंतर सेटचे फ्लॅट रंगवायला जावं लागायचं आणि त्या रंगकामाचेही गुण होते. या प्रकारात संवाद साधे बोलायचे असतात. पद आलं की गायचं, संपलं की पुन्हा बोलायचं. फोनवर हे ती मला नवलाईने सांगत होती. मी म्हटलं, अगं, तुझे आजोबा गिरगावातून रात्रभर जागून हेच बघून यायचे.

गोष्टसुद्धा ओळखीची निघाली. नवरा मेजवानीत एका मुखवटा घातलेल्या बाईच्या मागे लागतो. ती त्याचीच बायको, वेश पालटून आलेली. ती गोड बोलून त्याचं खिशातलं घड्याळ काढून घेते आणि शेवटी तेच घड्याळ त्याच्या नाकासमोर धरते. आता आपल्या 'संशयकल्लोळ'मधली तसबीर आठवा. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकी तेवढीच गोष्ट त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडते. त्या गडबडीत रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळते आहे हे फाल्गुनराव पाहतो. मग ती तसबीर त्याच्या हाती जाते, आणि आपण रेवतीला दिलेली तसबीर या गृहस्थाकडे कशी म्हणून अश्विनशेठचं डोकं फिरतं. चार माणसं, एक तसबीर, आणि प्रत्येकाला आपापल्यापुरता पुरावा सापडलेला. मला विचाराल तर घड्याळापेक्षा तसबिरीचं यंत्र जास्त चोख आहे, कारण यात मुद्दाम फसवणारं कुणीच नाही.

अर्थात हे यंत्र देवलांनी शून्यातून घडवलेलं नाही. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये ते एका छोट्या नाटकात चालवलं, आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनमध्ये त्याचं मोठं नाटक केलं, आणि देवलांनी १८९३ साली ते मराठीत आणलं ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने, निव्वळ गद्य. पदं नंतर आली. पदांसकटचं 'संशयकल्लोळ' गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी वारले. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देण्याची गंमत त्यांचीच. एवढा फिरून आलेला घोटाळा असून कृत्तिका नवऱ्याला बोलू लागली की ती शेजारच्या बिऱ्हाडातलीच वाटते.

हेच नाटक आधी का, याचं खरं कारण मात्र त्याच्या पात्रयोजनेत आहे. रेवती बालगंधर्वांची, म्हणजे गळा असल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. अश्विनशेठलाही गाणारा हवा. पण फाल्गुनराव गाजवला तो गणपतराव बोडसांनी, ज्यांचं नाव आपण गवई म्हणून नव्हे, नट म्हणून घेतो. ती भूमिका तोलली जाते ती वाक्याच्या फेकीवर. भादव्या हा नोकर तर तोंडाने आणि अंगानेच सगळं काम करतो. तिकडे व्हिएन्नाच्या नाटकात तिसऱ्या अंकात तुरुंगाचा झिंगलेला पहारेकरी येतो. तो एक सूरही गात नाही, नुसता बोलतो, आणि जिथे प्रयोग असेल तिथले ताजे विनोद त्याच्या तोंडी घालायची रीत आहे. भादव्याचाच भाऊबंद. तेव्हा हे नाटक संगीत विभागाला एकट्याने जमणार नाही, नाट्य विभागालाही नाही. तुम्हा दोघांना एका खोलीत बसवण्यासाठीच कुणी लिहिलं असावं असं ते आहे.

आणि तुम्ही एका खोलीत बसत नाही, ही माझी तक्रार आहे. संगीताची मुलं बडा ख्याल, छोटा ख्याल तयार करून परीक्षा देतात. पाय कुठे ठेवायचे हे त्यांना कुणी शिकवत नाही. नाटकाची मुलं आवाजाचे व्यायाम करतात, पण षड्ज धरून दोन ओळी म्हणायची वेळ आली की विनोद करून निसटतात. दोघांच्याही मनात दुसऱ्याबद्दल थोडी तुच्छता असते, ती त्यांना कुठून मिळते ते मी सांगायला नको.

मागे एका शैक्षणिक संस्थेच्या वार्षिक समारंभात 'नाट्यसंगीत रजनी' होती. नाव सांगत नाही, कारण अशा रजन्या सगळीकडेच होतात. पगडी घातलेला मुलगा आला, माइकच्या दांड्यासमोर उभा राहिला. निवेदिकेने कथानक दीड मिनिटात उरकलं. मग कुठूनतरी ट्रॅक सुरू झाला. मुलगा खरंच तयार होता. दरबारीतला गंधार असा हलवत होता की मी खुर्चीत सरसावून बसलो. त्याला एक तान सुचली, तो ती घ्यायला गेला, आणि ट्रॅक पुढे निघून गेला. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पोराने तान मध्येच मोडली, धावतपळत सम गाठली आणि ओशाळं हसला. टाळ्या पडल्या. तो कुणाला उद्देशून गात होता, का गात होता, समोर रेवती होती की नव्हती, याचा त्या टाळ्यांशी काही संबंध नव्हता. नुसत्या लोणच्याने पान भरत नाही. तशी नाटकाशिवायची ही पदं.

विनोदी संगीत नाटकात ट्रॅक का चालत नाही हे विंगेतून फार स्वच्छ दिसतं. हशा किती वेळ टिकेल ते आधी कळत नाही. फाल्गुनरावाच्या एका वाक्याला शनिवारी दादरला घर डोक्यावर घेतात आणि त्याच वाक्याला रविवारी ठाण्याला नुसती खसखस पिकते. त्या हशाच्या शेपटीवर पद सुरू व्हायचं असतं. ऑर्गनवाल्याने संवादाच्या शेवटच्या ओळीखाली अगदी हळू सूर सोडायचा, एवढा हळू की प्रेक्षकाला कळू नये आणि नटाला कळावा. हशा ओसरायला लागला की तबलजीकडे बघायचं. तो चाटेवर बोट ठेवून तयार. नट श्वास घेतो, आणि मग तिघं मिळून उडी. हशा पूर्ण विरल्यावर सुरू केलंत तर प्रसंग थंड, हशात सुरू केलंत तर पहिली ओळ वाया. भाची सांगत होती, त्यांचा कंडक्टर डावा हात वर धरून अख्खा वाद्यवृंद असाच थोपवून ठेवायचा. दोन वेगळी संगीतं, पण कसब अगदी तेच. वर्गात बसून ते येत नाही आणि समोर प्रेक्षक नसला तर तालमीतही येत नाही.

सुरांचाही एक घोळ असतो, तो मुलांनी स्वतः सोडवलेला बरा. आजची रेवती मुलगी असणार, ती काळी चारात गाणार. अश्विनशेठ काळी एकात. दोघांची पदं पाच-सहा वाक्यांच्या अंतरावर आली की तबलजीला दोन तबले लावून ठेवावे लागतात आणि ऑर्गनवाल्याने संवाद चालू असतानाच दुसरा षड्ज नटाच्या कानात सोडायचा असतो. पूर्वी रेवतीही पुरुष आणि अश्विनशेठही पुरुष, तेव्हा एवढी ओढाताण नसे. मुली गातात म्हणून मुलांनी सूर चढवायचा किंवा मुलींनी उतरवायचा, असली तडजोड कृपा करून करू नका. दोघांचेही गळे बिघडतात.

एका हौशी संस्थेच्या तालमीतलं सांगतो. रेवतीचं काम करणारी मुलगी उत्तम गाणारी, घराण्याची तालीम घेतलेली. अश्विनशेठशी खटका उडाल्यानंतरचं पद. संवाद झाला की ती वळायची, प्रेक्षकांकडे तोंड करायची, डोळे मिटायची, उजवा हात पसरायचा आणि मैफल सुरू. अश्विनशेठ बाजूला धोतराचा सोगा धरून पद संपायची वाट बघत उभा. दिग्दर्शकाने दोन-तीनदा सोडून दिलं. मग म्हणाला, "बाळ, आमच्याकडे बघून गाऊ नकोस. त्याच्याकडे बघ. तान त्याला ऐकव." तिने चिडूनच तसं केलं. अंतऱ्यातली तान सरळ त्याच्या तोंडावर गेली, वरच्या षड्जाला तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो खरोखरच मागे सरकला. तबलजी हसला, लय मात्र सुटली नाही. तान तीच, राग तोच. पण आता ती बोलणी होती. त्यानंतर त्या मुलीला त्या पदात काय गाळायचं हे कुणी सांगावं लागलं नाही. रागावलेलं माणूस एका जागेवर पाच आवर्तनं घोटाळत नाही, तिचं तिला कळलं.

असं काही आपल्या अभ्यासक्रमात कुठे बसतं का? नव्या शैक्षणिक धोरणाने क्रेडिटची भाषा आणली आहे, तर त्याच भाषेत मागतो. संगीत नाटकाचं पूर्ण वर्षाचं प्रात्यक्षिक ठेवा, दोन्ही विभागांच्या मुलांना सारखेच गुण. गाणाऱ्याला, नटाला, ऑर्गनला, तबल्याला, प्रॉम्प्टरला, कपडेपटाला आणि पडदा ओढणाऱ्यालाही. मोठ्या भूमिकांना दोन-दोन मुलं, आणि ज्या दिवशी भूमिका नाही त्या दिवशी त्याने बॅकस्टेज करायचं. नायिकेला केसात गजरा माळून देणाऱ्या मुलीला उद्या स्वतः नायिका व्हायचं आहे, हे असलं की तालमीचं वातावरणच बदलतं.

"मुलांना हे पेलेल का?" असं विचाराल. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली, सतराव्या वर्षी. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीला 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली तेव्हा तेही त्याच वयाचे. मास्टर दीनानाथ १९१८ साली 'बलवंत' कंपनीचे मालक झाले ते अठराव्या वर्षाच्या आतबाहेर. तुमच्याकडे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला बसतात त्याच वयाची ही मुलं. हे तिघे अलौकिक होते, मान्य. पण त्यांच्यामागे प्रत्येक कंपनीत पंधरा-वीस सामान्य मुलं असायची, ती पोवाडे-नांदी म्हणत, पाणी भरत, नटीच्या मागे उभी राहत शिकायची आणि काही वर्षांनी चांगल्यापैकी फाल्गुनराव नाहीतर भादव्या व्हायची. कंपनी हीच शाळा होती. पहिला मराठी बोलपट १९३२ साली आला आणि त्यानंतर पाच-सात वर्षांत कंपन्या एकामागून एक मोडल्या. आपण नाटक गेलं म्हणून हळहळलो. शाळा बंद पडली इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे विद्याधर गोखले, वसंत कानेटकर, जितेंद्र अभिषेकी यांनी नवी नाटकं आणि नवं संगीत दिलं, साहित्य संघाने जुनी जागती ठेवली, गोविंदराव पटवर्धनांसारखा साथीदार या शहराने ऐकला. पण मुलांनी रोज जाऊन शिकायची जागा पुन्हा उभी राहिली नाही. ती विद्यापीठाखेरीज आता कोण उभी करणार?

वेळ नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही. याच शहरातली कॉलेजची मुलं एकांकिका स्पर्धेसाठी मध्यरात्रीपर्यंत जिन्यात आणि पार्किंगमध्ये तालमी करतात, शेवटची लोकल पकडून घरी जातात आणि सकाळी पुन्हा हजर. वेळ आहे, तो आपण पस्तीस-चाळीस मिनिटांच्या, बहुधा गंभीर चेहऱ्याच्या नाटकाला देऊन टाकला आहे. (त्या एकांकिकांत एवढे मृत्यू का असतात, हे मला अजून उमगलेलं नाही.) हसवणं अवघड आहे म्हणूनच ते शिकवावं लागतं.

लांबीची भीती वाजवी आहे. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त मुळात शंभराच्या वर पदं होती. ती कापूनच पुढच्या सगळ्यांनी प्रयोग केले. तुम्हीही कापा. फक्त कापताना कोणतं पद प्रसिद्ध आहे हे पाहू नका, कोणत्या पदाने गोष्ट पुढे सरकते ते पाहा. अडीच तास आणि एक मध्यंतर, एवढ्यात 'संशयकल्लोळ' नीट बसतं. हक्कांचीही कटकट नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे लेखन मोकळं होतं आणि देवलांना जाऊन शंभरावर वर्षं झाली.

जुनाट वाटेल, हा आक्षेप नाट्य विभागाकडून येणार हे मी धरूनच चाललो आहे. रेवती नायकिणीची मुलगी, तिच्याशी लग्न करायचं म्हणून अश्विनशेठचं कौतुक, बायकोवर पाळत ठेवणारा नवरा. आजच्या मुलामुलींना हे टोचेल आणि टोचायला हवं. त्यावर तालमीत भांडा. पण भांडणाची भीती वाटते म्हणून वाक्यं गाळून नाटक गुळगुळीत करू नका. देवलांनी फाल्गुनरावाला शहाणा ठरवलेलं नाही, त्याला हसं करून सोडलंय, आणि कृत्तिकेला त्याच्याइतकीच जीभ दिली आहे. आणखी एक विनंती. तसबिरीच्या जागी मोबाइल आणू नका. ती कल्पना प्रत्येक दिग्दर्शकाला पहिल्या वाचनालाच सुचते. मोबाइल उघडला की दोन मिनिटांत खरं-खोटं होतं. तसबीर मुकी आहे म्हणून तर नाटकभर चालते.

आता माझ्या वाद्याबद्दल. पायपेटी म्हणा, ऑर्गन म्हणा, शहरात अजून बरेच आहेत. नाट्यसंस्थांच्या गोदामात, शाळांच्या अडगळीत, एखाद्या जुन्या चाळीत गाद्यांखाली. कसरीने भात्याचं कापड खाल्लेलं, दोन-चार स्वरपट्ट्या मुक्या, बाकी ठणठणीत. दुरुस्त करणारे कारागीर मोजके उरलेत, आणि साथ शिकवणारा वर्ग मला तरी कुठल्या विद्यापीठात दिसलेला नाही. हार्मोनियम वाजवणारी मुलं रग्गड आहेत, पण ती एका हाताने भाता मारायला शिकलेली. ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे आणि दम पायात. पाय दमला की सूर डुगडुगतो, आणि प्रेक्षकांना वाटतं गाणारा घसरला. एका मुलाला हे नीट बसवायला वर्ष लागतं, म्हणून आत्तापासून म्हणतो आहे. सिंथेसायझरवर ऑर्गनचा आवाज लावून वेळ मारून नेता येते, मीही ती नेलेली ऐकली आहे. त्यात श्वास नसतो. माइकला माझी हरकत नाही. आजची नाट्यगृहं आणि आजचे कान बघता वरून टांगलेले दोन माइक चालतील. पण प्रत्येकाच्या गालावर माइक चिकटवलात की मुलं फेकायची सोडून कुजबुजायला लागतात.

जागेचं म्हणाल तर पहिला प्रयोग गिरगावातच करा. चर्नी रोडला उतरलं की पायी जाण्याच्या अंतरात दोन्ही नाट्यगृहं आहेत. एक रॉयल ऑपेरा हाउस, पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ साली उद्घाटन झालेलं, १९९३ साली बंद पडलेलं आणि २०१६ साली नव्याने उघडलेलं. दुसरं केळेवाडीतलं साहित्य संघाचं नाट्यगृह, १९६४ पासूनचं. मुलांना दोन्हीकडे न्या. एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, तिथे पाश्चात्त्य ऑपेरा ऐकायला-बघायला मिळतो, तोही दाखवा. आपलं ते श्रेष्ठ हे ठसवण्यासाठी दाखवू नका. तिकडचा गायक पाठमोरा असतानाही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवतो ते बघण्यासाठी दाखवा. आणि आपल्या मुलांचा प्रयोग पाहायला तिकडच्या लोकांना बोलवा.

दुसरा प्रयोग मात्र गिरगावात नको. तिथला प्रेक्षक कधीच गाडीत बसून बदलापूरच्या दिशेने निघून गेला. डोंबिवली, कल्याण, ठाणे, बोरिवली इथे करा. रविवारी सकाळी अकराला लावा, तिकीट सिनेमापेक्षा कमी ठेवा आणि शाळेतल्या मुलांना पुढच्या रांगा द्या. म्हातारे मागे बसूनही वन्समोर देतात. तो द्यायचा की नाही हे मुलांनी ठरवावं. माझं मत, पहिल्या अंकात एखादा द्यावा, शेवटच्यात अजिबात देऊ नये.

दोन-तीन वर्षं जुनं करून झालं की मुलांकडून नवं मागा. आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या सभेत जेवढे संशय, जेवढे चुकून भलत्याच हाती पडलेले कागद आणि जेवढे भादवे असतात, तेवढे देवलांनाही मिळाले नसते. पण ते नंतर. पद कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे अंगात मुरल्याशिवाय नवं लिहायला बसलात तर ते भाषण होईल आणि अधेमधे गाणी येतील.

माझ्याकडून एवढंच देता येईल. माझा ऑर्गन चालू स्थितीत आहे, भात्याचं कातडं गेल्या वर्षीच बदललंय. जूनपासून दर शनिवारी दुपारी मी तालमीला येईन, दोन मुलांना साथ शिकवीन, मानधन नको. टेम्पोचं भाडं मात्र विद्यापीठाने द्यावं, आणि तालमीची खोली तळमजल्यावर असावी. ऑर्गन उचलायला चार माणसं लागतात.

कळावे,
आपला,
पूर्वी गिरगावातला, आता डोंबिवलीतला एक ऑर्गनवादक